हातचा एक ओटा

दिवाळी अंकाच्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "आक्का, तुमच्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, "मी सगळी नोकरी लोकांना 'न्हाय' म्हणण्यात घालवली. त्यात लिहायचं काय?" त्या म्हणाल्या, "तेच लिहा." त्यांना वाटलं असेल, म्हातारी लाजतेय. मी लाजत नव्हते, टाळत होते. कारण लिहायचं म्हटलं की माझी फजिती आधी लिहावी लागते.

माझी शाळा चौथीपर्यंत. गणितात मला बेरीज आली आणि बेरजेत हातचा कसा ठेवायचा ते आलं. पुढं जी काही हुशारी केली ती त्या हातच्यावर केली, आणि तोंडावर पडले तीही त्याच्यामुळंच.

कोल्हापूरपासून तासाभराच्या वाटेवर एका तलावाच्या काठी तंबूत राहायचं ठिकाण आहे. त्याचं ऑफिस राजारामपुरीत होतं, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. मी तिथं झाडलोट करायला आणि चहा करायला लागले. बुकिंग घेणारा एक पोरगेलासा कारकून होता. कागलला पंचतारांकित एमआयडीसीत कंपन्या यायला लागल्या तसा तो तिकडं पळाला, तोही ऐन हंगामात. मालक म्हणाले, "आक्का, माणूस मिळेपर्यंत फोन तेवढा उचला." माणूस काही मिळाला नाही. मी सतरा वर्षं फोन उचलत राहिले. माहेर गडहिंग्लजकडचं, म्हणून सगळे आक्का म्हणत. माझं खरं नाव त्या ऑफिसात कुणी विचारलं नाही.

आता काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तलावाचा काठ चढाचा. त्या चढावर मुरूम टाकून, दगडाची कड लावून चौदा सपाट ओटे केलेले. एका ओट्यावर एक तंबू, शेजारी एक चूल, कडेनं पाणी जायला चर. लोक म्हणायचे, "आक्का, एवढं रान मोकळं पडलंय, आमचा तंबू कुठं बी ठोकतो की." खाली पाणी, वर सरकारी जंगल, मध्ये बसतात ते चौदा. संडास चार. चौदा ओट्यांची माणसं सकाळी चार संडासांपुढं उभी राहिली की पंधरावा ओटा का नाही, हे समजवायला लागत नाही.

पुढच्या महिन्याचं बुकिंग या महिन्याच्या एक तारखेला, सकाळी नऊ वाजता उघडायचं. निम्मे ओटे फोनवर, निम्मे ऑफिसात येईल त्याला. साडेनऊला संपायचे. दिवाळीचे सव्वानऊला. त्यानंतर दिवसभर मी 'न्हाय' म्हणत बसायची. कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं, कुणी माझ्या माहेरच्या गावाचं नाव काढून नातं लावायचं. गडहिंग्लज तालुक्यात मला एवढे चुलतभाऊ आहेत हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं.

एक गृहस्थ दर एक तारखेला फोन करायचे. "पुण्याहून बोलतोय आक्का, लांबचा मानूस, जरा बघा की." मी दोन-तीनदा बघितलं. पुढं एकदा त्यांचा फोन चालू असताना खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडली, "मेथी घ्या मेथी!" माझ्या एका कानात ती खिडकीतून ओरडली आणि दुसऱ्या कानात फोनमधून. मी म्हटलं, "पावणं, पुण्यात मेथी कशी दिली?" खिडकीतून वाकून बघितलं, तर समोरच्या एसटीडी बूथमध्ये काच लावून हे उभे. त्यांनीही मला बघितलं. फोन ठेवला नाही. म्हणाले, "आता वर येऊ का?" आले. चहा पाजला. ओटा नव्हताच.

पण बुकिंग झालं म्हणजे ओटा मिळाला असं नाही. आपल्या लोकांना एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची सवय. रुमाल पडला की सीट आपली, मग कंडक्टर काही म्हणो. तीच रीत लोकांनी तलावावर आणली. पावतीवर नऊ नंबर असला तरी एक माणूस पहिल्या गाडीनं पुढं पाठवायचा, त्यानं चांगला ओटा बघून टॉवेल टाकायचा आणि त्यावर दगड ठेवायचा. पावती असलेला माणूस मागून आला की म्हणायचं, "आमचा टॉवेल हाय न्हवं?"

तिथला खानसामा आणि देखरेख करणारा दस्तगीरभाई. तांबड्या रश्श्याला त्याच्यासारखा हात मी बघितला नाही, आणि भांडण सोडवण्यात त्याच्यासारखा कच्चा माणूस बघितला नाही. एका रविवारी त्याचा गावातल्या दुकानातून फोन आला. "आक्का, पाच नंबरवर एकानं टॉवेल टाकलावता. दुसऱ्यानं यिऊन तिथं बोकड बांधला. बोकडानं टॉवेल खाल्ला. आता जागा कुणाची?"

मी म्हटलं, "पावती कुणाकडं हाय?"

"पावती दोघांची बी दुसऱ्याच नंबरची हाय."

"मग बोकडाला दे." मी फोन ठेवला. अशा निवाड्यांमुळं माझं नाव झालं. मला वाटायचं मी फार मोठी हुशार बाई आहे.

आता हातच्याचं सांगते. सात नंबरचा ओटा जांभळीच्या झाडाखाली होता, पाण्याच्या अगदी जवळ. वारा तलावाकडून यायचा, त्यामुळं स्वयंपाकाचा धूर आणि मटणाचा वास तिकडं जात नव्हता. सगळ्यांना तोच हवा असायचा. मी काय करायची, एक तारखेला रजिस्टर उघडायच्या आधीच सातच्या रकान्यात पेन्सिलीनं फुली मारून ठेवायची. चौदा ओटे आहेत म्हणायचं आणि तेराच द्यायचे. सात हातचा. मालकांचा पाहुणा आला, कुणाची अडचण निघाली, रजिस्टरात घोळ झाला, तर असू दे म्हणून. सुरुवात शहाणपणाची होती. पुढं त्याची चटक लागली. सगळीकडून 'न्हाय' ऐकलेल्या माणसाला शेवटी हळूच म्हणायचं, "बघते हं, तुमच्यासाठी कायतरी करते," आणि त्याचा चेहरा बघायचा. त्या चेहऱ्यासाठी मी सतरा वर्षं खोटं बोलले. देवळात पुजाऱ्याला होत असेल तसं मला व्हायचं.

कितीतरी रविवार कुणी लायक माणूस सापडला नाही म्हणून सात नंबर मोकळा राहिला. एकदा एक निवृत्त मास्तर नुसते डबा घेऊन तलावावर बसायला गेले होते. सोमवारी ऑफिसात येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही फुल्ल म्हणालात. जांभळीखाली दिवसभर एक कुत्रं झोपलेलं होतं." मी म्हटलं, "त्याचं बुकिंग होतं." ऑफिसातले हसले. मास्तर हसले नाहीत, आणि परत कधी आलेही नाहीत. हे मला आता सुचतं की त्यांची माफी मागायला हवी होती. तेव्हा सुचलं नाही.

तर गिरिजा. राजारामपुरीतच आमच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवायची. दिवाळीच्या बुकिंगला पहाटेपासून येऊन जिन्यात बसलेली होती. तरी तिचा नंबर येईतो बारा गेले, तेरावा तिच्या पुढच्या माणसानं घेतला. मी म्हटलं, "संपलं." ती उठेना.

"आक्का, मला भाऊबीजेचा एकच दिवस पायजे. आन् फक्त सात नंबर."

"सात तर कवाच गेला. आन् घर असताना भाऊबीज तंबूत कशाला?"

मग तिनं सांगितलं. तिला दोन भाऊ. थोरला बसवराज कागलला कारखान्यात सुपरवायझर, धाकटा मल्लू गडहिंग्लजला वडिलांचं भुसारी दुकान चालवणारा. वडील गेल्यावर दुकानाच्या मध्यावर भिंत घालण्यावरून दोघांत लागलं. सहा वर्षं एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय नाही. भाऊबीजेला एक सकाळी येतो, एक संध्याकाळी. मधल्या वेळात ती रांगोळी झाडून परत काढते, म्हणजे धाकट्याला कळू नये की थोरला येऊन गेला.

"थोरला म्हनतो मी त्येच्या घरी जानार न्हाय. धाकटा म्हनतो मी त्येच्या. माझ्या घरी या म्हटलं तर म्हनत्यात, त्यो असंल तर न्हाय. कुनाच्याच घरी नको म्हनून तंबू. घरापास्नं तासभर लांब, म्हंजे उठून लगीच पळून बी जाता येत न्हाय. दोघांस्नी एका ताटाम्होरं बसलेलं मला एकदा बघायचंय, बस्स."

"मग सातच कशाला?"

"आमी लिंगायत. तुमच्या बाकीच्या ओट्यांवर रश्श्याचा वास. वासाचं निमित्त करून पयला थोरलाच उठंल."

हे ऐकून मला दया आली असं नाही. मला पटलं. बाईनं सगळा विचार केला होता, वाऱ्याच्या दिशेसकट. मी पेन्सिलीची फुली खोडली, शाईनं 'गिरिजा, शिलाई' असं लिहिलं आणि पावती दिली. तिचा चेहरा बघितला. पुढं आठ दिवस मी फार खुशीत होते. येईल त्याला चहा देत होते.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मालक आले. सोबत कुणी नव्हतं, म्हणजे काम अडचणीचं होतं. म्हणाले, "आक्का, आपले पाइपलाइनवाले साहेब. भाऊबीजेला फॅमिली घेऊन तलावावर येतो म्हणतायत. सात नंबर म्हणतायत." या साहेबांच्या सहीवर आमच्या टाकीत पाणी यायचं. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. "मी त्यांना म्हटलं, आमच्या आक्काकडं कायम एक हातचा असतो. हाय न्हवं?"

इथं एका शब्दाचं काम होतं. 'न्हाय' हा शब्द मी दिवसाला शंभर वेळा म्हणत होते. त्या दिवशी तोंडातून निघाला नाही. मालक माझ्याकडं असे बघत होते की जशी मी खिशातून तलाव काढून दाखवणार आहे. मी म्हटलं, "हाय की."

मनात हिशोब असा, की दिवाळीत एखादं तरी बुकिंग रद्द होतंच. कुणाच्या घरी सुतक येतं, कुणाला ताप येतो. रद्द झालेल्या ओट्यावर साहेबांना बसवू आणि काहीतरी थाप मारू. आठवडाभर मी देवापुढं हात जोडून कुणाला तरी थोडासा ताप येऊ दे म्हणत होते. त्या वर्षी कोल्हापूर जिल्हा ठणठणीत होता. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी चौदाच्या चौदा ओटे भरलेले आणि सातवर माणसं दोन.

गिरिजाला सांगावं, असं मनात आलं होतं. तिच्या शिलाईच्या दुकानाच्या दारापर्यंत गेलेही. ती मशीनवर बसून दोन भावांसाठी दोन टोप्या शिवत होती. सारखं कापड, सारखी किनार. मी म्हटलं, "काय, झाली का तयारी?" आणि माघारी आले.

भाऊबीजेला पहाटेच स्टँडवर गेले, पहिली गाडी धरून आधी पोचायचं म्हणून. गर्दी ही! मी खिडकीतून रुमाल टाकला आणि रेटारेटी करून आत चढले. माझ्या रुमालावर एक पैलवान बसलेला.

"रुमाल हाय माझा," मी म्हटलं.

त्यानं जरा उठून रुमाल काढून दिला. "घ्या की मावशी. रुमाल तुमचाच हाय. जागा कुठं तुमची हाय?"

सगळी गाडी हसली. मी तासभर उभी. माझ्या धंद्याचा सगळा कायदा त्या माणसानं एका वाक्यात सांगितला होता, पण मला तेव्हा नुसता राग आला.

तलावावर पोचले तर सात नंबरवर भलामोठा पांढरा टॉवेल अंथरलेला, चार कोपऱ्यांवर चार दगड. शेजारी साहेबांचा ड्रायव्हर बिडी ओढत बसलेला. साहेब मागून दुसऱ्या गाडीनं येणार होते. मी टॉवेलवरचे दगड उचलले, टॉवेलाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"आक्का, साह्यबांचा टॉवेल हाय त्यो."

"म्हनूनच घडी घातली. न्हायतर फेकला असता." मी ओट्यावर मांडी घालून बसले. पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं. दस्तगीर लांबून बघत होता आणि जवळ यायचं टाळत होता.

तेवढ्यात एक मारुती व्हॅन आली. थोरला, त्याची बायको. गिरिजानं पावती त्याच्याकडं दिलेली, म्हणजे तो आधी येऊन तंबू लावेल. ती स्वतः टेम्पोनं जेवण घेऊन येणार होती. धाकटा येणार आहे हे त्याला तिनं सांगितलंच नव्हतं. त्यानं मला पावती दाखवली. मी काही बोलायच्या आत ड्रायव्हर म्हणाला, "ओ पावणं, ही जागा साह्यबांची हाय. दुसरीकडं बघा."

"पावती हाय माझ्याकडं."

"पावत्या-बिवत्या आम्हास्नी दावू नका. चला, उचला सामान."

याच वेळी मोटारसायकल आली. धाकटा मल्लू, मागं बायको. त्यानं व्हॅन बघितली, भाऊ बघितला आणि काही न बोलता गाडी वळवायला लागला. मला समजलं, संपलं. बाईची वर्षभराची खटपट इथं माझ्या डोळ्यांदेखत परत गडहिंग्लजला निघाली. आणि तिथं टिकायला एक जागा होती, तीही मी दोघांना विकून बसले होते.

तेवढ्यात ड्रायव्हरनं थोरल्याची पिशवी उचलून बाजूला ठेवली. जरा आपटूनच ठेवली.

मोटारसायकल बंद झाली. मल्लू उतरला. "ए, पिशवीला हात का लावलास?"

"तू कोण?"

"त्येंचा भाऊ." मल्लू म्हणाला. मग त्याच रागात थोरल्याकडं वळला, "अण्णा, दाखव की पावती! खिशात ठेवायला दिलीया व्हय?"

थोरला म्हणाला, "दावली. ह्यो वाचत न्हाय."

"न्हाय वाचत? आन हिकडं, मी वाचून दावतो." पावती त्यानं भावाच्या हातातून घेतली. "सात नंबर. भाऊबीज. सही... ही सही कुनाची?"

"ह्या बाईंची," ड्रायव्हर म्हणाला. "आन् आमच्या साह्यबांना बी ह्यांनीच सांगितलंय. इचारा की."

तिघेही माझ्याकडं वळले. मी ओट्यावर मांडी घालून बसलेली. पळायला जागा नव्हती, खाली तलाव.

"एक जागा दोघांस्नी दिलीसा?" थोरला म्हणाला.

"दिली."

"का?"

"न्हाय म्हनवलं न्हाय म्हनून."

मग ते दोघे भाऊ मला जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. थोरल्यानं वाक्य सुरू करायचं आणि धाकट्यानं पुरं करायचं. "सनासुदीला लोकांस्नी..." "...असं रस्त्यावर आनता, लाज कशी..." "...वाटत न्हाय, वय बघा जरा..." "...आपलं!" सहा वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं, पण माझ्याबद्दल त्यांच्यात काडीचाही मतभेद नव्हता. दोघांच्या बायकाही एकमेकींकडं बघून माना हलवत होत्या. मी मधूनच "व्हय, चुकलं" म्हणत होते, म्हणजे विषय थांबू नये.

साहेबांची गाडी येताना दिसली तशी मी उठले आणि दस्तगीरच्या चुलाण्याकडं पळाले. स्वयंपाकघराच्या मागं त्याचा एक कट्टा होता, लाकडं ठेवायचा. "दस्तगीरभाई, लाकडं काढ. सतरंजी टाक. साह्यब हितं बसनार."

"हितं? धूर हाय आक्का."

"धूर न्हाय त्यो. वास हाय. सांगते मी, तू नुसती मान हलव."

साहेब उतरले. मी पुढं होऊन म्हटलं, "साहेब, सात नंबर सगळेच मागतात. तुमच्यासाठी मी वेगळी जागा ठेवलीय. ही कुणालाच देत नाही. रस्सा उतरला की पहिली वाटी इथं येणार, चुलीवरून थेट." दस्तगीरनं मान हलवली आणि तेवढं पुरत नाही असं वाटून झाकण उघडलं. साहेबांनी वास घेतला. मंडळींकडं बघितलं. म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं?" बाई जरा खोकल्या, पण बसल्या. पुढं कित्येक वर्षं लोक फोन करून मला 'ती किचनमागची खास जागा' मागत राहिले. लाकडं ठेवायला दस्तगीरला दुसरीकडं छप्पर घालावं लागलं.

गिरिजाचा टेम्पो आला तेव्हा सातवर तंबू उभा होता. एक दोरी थोरल्यानं ओढून धरलेली, दुसरी धाकट्यानं, आणि दोघे अजून माझ्याबद्दलच बोलत होते. ती पिशव्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. कडक भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, होळगी म्हणजे पुरणपोळी. मग मला म्हणाली, "आक्का, काय केलंसा तुम्ही?"

"घोळ," मी म्हटलं.

तिनं दोघांना एका पाठोपाठ एक ओवाळलं. टोप्या सारख्याच असल्यामुळं कुणाची कुठली यावरून जरा वाद झाला. दुपारनंतर भिंतीचा विषयही निघाला म्हणे. पण संध्याकाळपर्यंत कुणी उठलं नाही.

त्यानंतर दर भाऊबीजेला सात नंबर गिरिजाचा. फुली नाही, पेन्सिल नाही, थेट शाईनं. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! दवाखान्यात दात उपटायला आलेल्यांनाही सांगितली, त्यांना तोंड उघडता येत नसायचं म्हणून ऐकून घ्यायचे. माझ्या हातच्या ओट्यानं दोन भावांना एकत्र आणलं, असं मी म्हणायची. घोळाचा भाग हळूहळू गाळत गेले. शेवटी शेवटी तर मी सगळं मुद्दाम केलं होतं असंच सांगायला लागले होते.

मग मालकांच्या मुलानं कॉम्प्युटर आणला. बुकिंग इंटरनेटवर गेलं. चौदा म्हणजे चौदा. ज्यानं आधी बटण दाबलं त्याचा ओटा. मी विचारलं, "ह्यात हातचा कुठं ठेवायचा?" तो म्हणाला, "आक्का, ह्यात हातचा नसतो." मला कुणी काढलं नाही. फोन वाजायचा बंद झाला, आणि नुसता चहा करायला मी फार मोठी झाले होते, म्हणून मीच घरी बसले.

दोनेक वर्षांनी दिवाळीच्या आधी घरी फोन आला. मल्लू.

"आक्का, घोळ झालाय. अण्णाचा पोरगा कॉम्प्युटरवर बसलावता, पर मिनटात समदं फुल्ल झालं. तुमचा एक हातचा असतो न्हवं? गिरिजाक्का लई नाराज हाय."

सवयीनं 'बघते हं' असं ओठांवर आलं होतं. पण बघायला आता कुठं काय होतं.

"न्हाय रे मल्लू," मी म्हटलं. "एक बी न्हाय."

तो मागं कुणाशी तरी बोलला, परत फोनवर आला. "बरं. मग आता काय, अण्णाच्याच घरी करायचं म्हनतोय अण्णा. वैनीनं सांगितलंय या म्हनून." आणि पुढं म्हणाला, "इतकी वर्सं तलाव होता, म्हनून कधी जायची येळच आली न्हाय बघा."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते की ओटा देऊन मी त्यांना जोडलं. ओटा होता, म्हणून त्या दोघांना एकमेकांचा उंबरा ओलांडावा लागत नव्हता. मी दर वर्षी शाईनं त्यांची सोय लिहीत होते. ज्या वर्षी मी खरं 'न्हाय' म्हटलं, त्या वर्षी ते घरी गेले.

मलाही जेवायला बोलावलं होतं. कागलला गेले. गिरिजा मला दारातच भेटली, हातात रांगोळीचा डबा. एकदाच काढली होती. आत दोन्ही घरची पोरंबाळं, सुना, शेजारी, ही गर्दी. पाट मांडलेले, ताटं वाढलेली. मला वाटलं, आपली जागा पहिल्या पंगतीत, मधोमध असणार. मी पदर सावरून पुढं झाले.

मल्लूनं मला बघितलं. पंगतीवरून नजर फिरवली. म्हणाला, "आक्का, ही पंगत फुल्ल झाली बघा. दुसरीला बसा."

मी एक रिकामा पाट बघून ठेवला होता. त्यावर कुणाचा तरी रुमाल होता. मी उंबऱ्यात बसले आणि दुसऱ्या पंगतीची वाट बघितली.